टूल कुठं जाणार ते लिहिलंत, कुठून जाणार ते कोण लिहिणार?

बसू नका. काल दुपारच्या बॅचला व्हीएमसीवर प्लेट लावणारे चौघं उभेच राहा. बाकीच्यांनी दात काढायचं कारण नाही. तुमच्या वह्या मी तपासल्यात, आणि त्यातल्या निम्म्या वह्यांत हीच ओळ आहे, अक्षरशः हीच. माशीला माशी लावून उतरवलेली. त्यांचा नंबर आधी लागला आणि तुमचा लागायचा होता, फरक एवढाच.

टेबलावर काय ठेवलंय ते जवळ येऊन बघा. हे काल सकाळपर्यंत १० मिमीचं कार्बाइड एंडमिल होतं. आता शँकचा तुकडा इथं आहे, फ्लूटचा एक तुकडा इथं, आणि उरलेला चिप ट्रे उपसूनसुद्धा सापडला नाही. हा क्लॅम्प. त्याच्या डोक्यावर पडलेली खोच बोटानं चाचपून बघा, नख अडकतंय. मशीनचं दार बंद होतं म्हणून आज मी तुम्हाला वर्गात झापतोय, नाहीतर आपण सगळे सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात बसलो असतो.

आणि एवढं होऊन चौघांच्या तोंडातून वाक्य काय, तर ‘सर, प्रोग्राम बरोबर होता, मशीननंच उलटं केलं.’ नाचता येईना अंगण वाकडं! मशीननं काहीही उलटं केलं नाही. तुम्ही जे लिहिलं तेच तिनं केलं, आणि तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नव्हतं.

फळ्याकडं बघा. टूल उभं होतं एक्स ०, वाय ०, झेड १०० ला. पुढची ओळ अशी:

जी९० जी०० एक्स१२०. वाय४०. झेड२.

तिन्ही अक्ष एकाच ओळीत. म्हणजे काय झालं? कोण सांगतं? ‘टूल तिरकं खाली उतरलं.’ कसं तिरकं? ‘सरळ रेषेत, सर.’ हेच. हेच ऐकायचं होतं मला.

तुमच्यातल्या एकानं निदान एक काम केलं. ग्राफ पेपरवर दोन ठिपके दिले, पट्टी ठेवली, रेघ मारली आणि हिशेब केला. क्लॅम्प एक्स ८५ ते १०० च्या मध्ये, जॉबच्या वरच्या तोंडापासून १२ मिमी उंच. टूलची मागची कड क्लॅम्प ओलांडते तेव्हा टूलचा मध्य एक्स १०५ ला, आणि तिथं रेघेवर झेड येतो सव्वाचौदा. म्हणजे क्लॅम्पच्या दोन मिमी वरून टूल निघून जातं. गणित बरोबर आहे, मी तपासलंय. बाळा, तू पट्टी तरी ठेवलीस, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. पण ही रेघ तुझ्या कागदावर होती, मशीनवर नव्हती.

जी०० मध्ये प्रत्येक अक्ष आपापल्या पुऱ्या वेगानं सुटतो. कोणी कोणासाठी थांबत नाही. जी०१ म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी, एकानं पाऊल टाकलं की दुसऱ्यानं त्याच मापात टाकायचं. जी०० मध्ये जू काढून घेतलेलं असतं. आपल्या मशीनवर तिन्ही अक्षांचा रॅपिड वेग सारखाच धरा आणि माझ्याबरोबर चला. पहिले ४० मिमी तिघंही बरोबर निघाले: एक्स ४०, वाय ४०, झेड ६०. इथं वायचं काम संपलं, तो थांबला. एक्स आणि झेड चालू राहिले. झेडला अजून ५८ मिमी उतरायचं, ते उतरून झालं तेव्हा एक्स पोचला ९८ ला. मग झेड थांबला आणि राहिलेले २२ मिमी एक्सनं एकट्यानं कापले, जॉबपासून फक्त २ मिमी उंचीवरून. आता क्लॅम्प त्यात ठेवा. एक्स ८८ ला टूलची टोकं १२ मिमीवर येतात. १२ मिमीवरच क्लॅम्पचं डोकं आहे. तुझ्या रेघेवर त्याच एक्स ८८ ला टूल २८ मिमी उंच होतं. २८ आणि १२. हा जो सोळा मिमीचा फरक आहे ना, तो टेबलावर तुकडे होऊन पडलाय.

‘सर, पण स्क्रीनवर सिम्युलेशनमध्ये सरळच दिसलं.’ दिसलं असेल. कित्येक सिम्युलेटर रॅपिड दाखवताना सुरुवात आणि शेवट तेवढा बघतात आणि मधे एक ठिपक्यांची रेघ ओढून मोकळे होतात. त्यांचं काय जातं? त्यांच्या स्क्रीनवर क्लॅम्प नसतो.

मागून कोणीतरी पुटपुटलं, ते ऐकू आलं मला. मोठ्यानं बोल. ‘नव्या मशीनवर जी०० सरळच जातं.’ बरोबर आहे, जाऊ शकतं. फॅनकमध्ये १४०१ नंबरच्या पॅरामीटरमधला १ नंबरचा बिट, एलआरपी, १ केला की रॅपिडही सरळ रेषेत जातं, ० असेल तर वाकडं. सिमेन्सच्या सिनुमेरिकवर त्याला आरटीएलआयओएन आणि आरटीएलआयओएफ असे दोन हुकूमच आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे चहाच्या टपरीवर छाती काढून म्हणता ना? मग त्या जर्मनीच्या कंट्रोलवर रॅपिड कसं चालतं एवढं तरी ठाऊक करून घ्या. आता मला सांग, तू उद्या वाळूजला नाहीतर चाकणला कामाला लागशील, रात्रपाळीला तुझ्या पुढ्यात जी मशीन येईल तिचा तो बिट शून्य आहे की एक, हे तुला गेटवर कोणी चिठ्ठी लिहून देणार आहे का? नाही ना? मग प्रोग्राम असा लिहायचा की रॅपिड सरळ गेलं काय आणि वाकडं गेलं काय, टूल मोकळ्या हवेतूनच जाईल. आधी वरच्या वर एक्स-वाय. मग वेगळ्या ओळीत झेड. निघताना आधी झेड वर, मग एक्स-वाय. दोन ओळी जास्त लागतात. त्या दोन ओळींना किती वेळ जातो ते सांगतो.

आपल्या मशीनचं रॅपिड आहे मिनिटाला २४ मीटर. सेकंदाला ४०० मिमी. तुमचा त्या प्लेटवरचा फीड होता मिनिटाला २०० मिमी, म्हणजे सेकंदाला सव्वातीन मिमीच्या आसपास. रॅपिड त्याच्या १२० पट. झेडचा अख्खा उतार ९८ मिमीचा, तो वेगळ्या ओळीत घेतला तरी पाव सेकंदाचं काम. कशाची घाई होती तुम्हाला? पाव सेकंदाची?

आणि याच पाव सेकंदाची दुसरी बाजू ऐका. ‘सर, माझा हात फीड होल्डवर होता,’ असं एकानं मला काल शपथेवर सांगितलं. असेल बाबा. डोळ्याला चूक दिसून बोट बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात टूल १०० मिमी गेलेलं असतं. तू बटण दाबलंस तेव्हा ते आधीच मोडलेलं होतं. म्हणून रॅपिड ओव्हरराइडचं वेगळं बटण दिलंय. पहिला जॉब २५ टक्क्यांच्या वर चालवायचा नाही, सिंगल ब्लॉक चालू ठेवायचा, आणि डोळे टूलवर जितके तितकेच ‘डिस्टन्स टू गो’वर. टूल जॉबपासून बोटभर अंतरावर दिसतंय आणि आकडा ६० मिमी राहिल्याचं सांगतोय, तर काय करायचं हे सांगायला सर लागत नाहीत. फीडचं गोल बटण शून्यावर नेलं की रॅपिड थांबेल, असंही कोणी समजू नका. आपल्या मशीनवर थांबत नाही. करून दाखवतो नंतर, टूल नसताना.

सेलूहून गाडीनं येणारी ती मुलगी, हो, तूच. तुझ्या वहीत ओळी वेगळ्या आहेत. आधी एक्स-वाय, मग झेड. मला वाटलं, चला, एकीला तरी कळलंय. म्हणून विचारलं, का गं वेगळ्या लिहिल्यास? तर म्हणाली, पुस्तकात तशाच आहेत. तुझं टूल वाचलं असतं, पण पुस्तकाच्या पुण्याईनं. पुस्तकातला क्लॅम्प वेगळ्या जागी असेल तेव्हा काय करशील? बस खाली.

आता दुसरा गुन्हा. हा तर सात-आठ वह्यांत आहे. जी०० झेड५. अशी ओळ. तिच्याखाली झेड-३. एफ८०. अशी ओळ. यात जी०१ कुठंय? ‘सर, एफ लिहिलाय ना.’ एफ लिहिला म्हणून कटिंग होत नाही. जी०० एकदा दिला की त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत तोच चालू असतो. टूल ३ मिमी आत गेलं ते सेकंदाला ४०० मिमीच्या वेगानं, आणि तुमचा एफ८० गप बसून राहिला, पुढं कधी जी०१ येईल तेव्हा कामाला येईल म्हणून. याच्या उलट चूक केलीत, म्हणजे जी०१ दिला आणि एफ दिलाच नाही, तर फॅनक अलार्म ११ देऊन उभं राहतं. तिथं मशीन तुम्हाला वाचवते. इथं नाही वाचवत. इथं तिच्या दृष्टीनं ओळीत काहीच चूक नाही.

प्रोग्रामच्या शेवटी तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलंय: जी२८ एक्स०. वाय०. झेड०. आणि वर कुठंतरी जी९० चालू. तुम्हाला वाटतं ही घरी जायची ओळ आहे. घरी जाते, पण वाटेत तुम्ही सांगितलेल्या बिंदूवरून जाते. तो बिंदू कोणता? जी९० मध्ये एक्स ० वाय ० झेड ०, म्हणजे तुमचा स्वतःचा जॉब झिरो. म्हणजे काम संपवून टूल आधी रॅपिडनं जॉबच्या तोंडावर येणार आणि तिथून घरी जाणार. जी९१ जी२८ झेड०. लिहायचं, म्हणजे मधला बिंदू जिथं टूल उभं आहे तिथंच पडतो आणि झेड सरळ वर निघतो. हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. फोटोही काढले होते तुम्ही. फोटो काढले म्हणजे शिकलो असं झालंय अलीकडं.

टर्नरवाल्यांनो, तुम्ही का हसताय? तुमची वही आणतो आता. चाळीसच्या बोअरमध्ये बोअरिंग बार साठ मिमी आत आहे. तुमची पुढची ओळ: जी०० एक्स२००. झेड१००. म्हणजे बार आत असतानाच एक्स बाहेरच्या दिशेला सुटला. बाहेर काय आहे? बोअरची भिंत. बाहेरच्या टर्निंगला आधी एक्स मोकळा करायचा हे पाठ केलं आणि तेच आतल्या बोअरला चिकटवलं. आतून निघताना आधी एक्स जरा मध्याकडं, बारची पाठ लागणार नाही इतपत, मग झेडनं तोंडाबाहेर, आणि मग काय तो एक्स. बाहेरचं आणि आतलं यांचे नियम उलटे आहेत, आणि ते पाठ करायची गरज नाही. डोळे मिटून बार कुठं आहे ते बघितलं की हात आपोआप बरोबर लिहितो.

आणखी एक. व्हीएमसीवरून लेथवर आलेल्या एकानं फीड लिहिलाय एफ१५०. लेथवर आपण जी९९ मध्ये आहोत, तिथं एफ म्हणजे एका फेऱ्याला किती मिमी. एफ०.१५ लिहायचं तिथं एफ१५०. एका फेऱ्याला १५० मिमी! मशीन काही तेवढं देणार नाही, तिच्या कमाल फीडला येऊन थांबेल, पण तोवर इन्सर्ट, होल्डर आणि चकाचा जॉ यांची गळाभेट झालेली असेल. एका वहीत पॉइंटही नाही. एक्स५० लिहिलंय. आपल्या कंट्रोलच्या सेटिंगमध्ये त्याचा अर्थ ५० मायक्रॉन. पॉइंट दिला नाही म्हणून पन्नासचा जॉब मिलिमीटरच्या विसाव्या भागावर आला. हे मी परत सांगणार नाही.

दोन बिंदू देऊन मोकळं व्हायचं आणि मधल्या रस्त्याचं कोणी बघायचं नाही, ही सवय आपल्याच काळात आली असं नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याच्या वक्रावरचे बिंदू त्यानं पंचकार्डाच्या यंत्रावर काढून घेतले, आणि मिलिंग मशीनवर एकजण आकडे वाचायचा, दुसरे हँडल फिरवून टूल त्या बिंदूवर न्यायचे. बिंदू अचूक, पण दोन बिंदूंच्या मधे पायऱ्या राहायच्या, त्या कानशीनं घासायला लागायच्या. टूलनं या बिंदूवरून त्या बिंदूवर नुसतं पोचायचं नाही, मधल्या प्रत्येक क्षणी दोन्ही अक्षांचं माप राखून चालायचं, हे एमआयटीच्या लोकांनी मशीनला शिकवलं आणि १९५२ मध्ये चालवून दाखवलं. तुमच्या वहीतला जी०१ तिथून आलाय. माणसं मधल्या रस्त्यासाठी वर्षानुवर्षं झटली, आणि तुम्ही म्हणता, शेवटचा ठिपका बरोबर होता ना सर.

आता जी०२ आणि जी०३. घड्याळाच्या काट्याप्रमाणे जी०२, उलट जी०३, हे सगळ्यांना पाठ आहे. पण काटा बघायचा कुठून? व्हीएमसीवर वरून खाली बघून. लेथवर वाय अक्षाच्या अधिक बाजूनं. मागच्या टरेटच्या मशीनवर ती बाजू वरच येते, म्हणून तिथं तुमचं डोळ्यानं बघून चालून जातं. पुढच्या टूलपोस्टच्या मशीनवर ती खाली जाते आणि डोळ्याला सगळं उलटं दिसतं. कोड मात्र बदलत नाही. तोंडाकडून चकाकडं जाताना बाहेरचा फुगीर कोपरा जी०३ नं, खोलगट जी०२ नं, दोन्ही मशीनवर. गेल्या आठवड्यात एकानं फुगीर रेडिअस जी०२ नं काढला आणि कोपऱ्याला बाक यायच्या जागी खड्डा पडला. वर मला विचारतो, सर, इन्सर्ट खराब आहे का?

आर आणि आय-जे यांचा घोळ तर विचारूच नका. आय आणि जे हे चापाच्या सुरुवातीपासून केंद्रापर्यंतचं अंतर, जॉब झिरोपासूनचं नाही. अर्ध्या वर्तुळापेक्षा मोठा चाप आर नं द्यायचा तर आर उणे. आणि पूर्ण वर्तुळ आर नं देताच येत नाही, कारण सुरुवात आणि शेवट एकच बिंदू असला की त्या त्रिज्येची किती वर्तुळं त्यातून जातात ते मोजून बघा, आणि मग मशीननं कुठलं निवडायचं ते मला सांगा. तुम्हाला सांगता येत नाही, ती कशी ओळखेल?

‘सर, कंपनीत सगळं कॅमवर होतं, हातानं कोण लिहितं आता?’ हे वाक्य दर वर्षी कोणीतरी आणतोच. कॅमनं लिहिलेल्या दहा हजार ओळींत टूल मोडणारी ओळ एकच असते. ती रात्री दोन वाजता स्क्रीनवर येते तेव्हा कॅमचा माणूस घरी झोपलेला असतो आणि सायकल स्टार्टवर तुझं बोट असतं. ती ओळ वाचता आली तर तू सेटर होशील. नाही आली तर जॉब लाव, जॉब काढ, दार उघड, दार बंद कर. त्यालाही माणसं लागतात, मी कमी लेखत नाही. पण जिंतूर-पालमहून एसटीच्या गर्दीत दोन वर्षं उभं राहून येताय ते तेवढ्यासाठी येत असाल तर आत्ताच सांगा, मी ओरडायचं बंद करतो.

आणि मानवतच्या जिनिंगमधला शाफ्ट नाहीतर इथल्याच एखाद्या वर्कशॉपमधली पुली करून पोट भरेन म्हणणारा कोणी असेल, तर त्याच्यासाठी तर कॅमही नाही आणि सेटरही नाही. जो प्रोग्राम लिहितो तोच मशीन लावतो, तोच मोडलेल्या टूलचे पैसे भरतो.

चौघांनी हा आठवडाभर मशीनला हात लावायचा नाही. काल लिहिलेला प्रोग्राम घ्या, प्रत्येक जी०० च्या ओळीखाली टूलचा खरा रस्ता पेन्सिलनं काढा: कुठला अक्ष आधी थांबला, तिथं बाकीचे दोन कुठं होते, मग दुसरा कुठं थांबला. प्रत्येक कोपऱ्याचे तिन्ही आकडे लिहायचे. क्लॅम्प आणि व्हाइसचे जॉ मोजून त्याच कागदावर काढायचे, अंदाजे नाही, व्हर्नियर लावून. बाकीच्यांनीही हेच करायचं, फक्त त्यांना दोन दिवस. माझी सही नसलेला कागद घेऊन कोणी सायकल स्टार्टला बोट लावलं तर ते बोट माझ्याशी बोलेल.

टर्नरच्या पोरांनो, बोअरिंगच्या त्या ओळी पुसून नव्यानं लिहा, आत्ता, इथंच. आणि मागच्या बाकावरचा, तू कोणाची वही बघतोयस?